नखाएवढ्या अंगणातली रांगोळी



पनवेल तालुक्यातल्या नेरे गावाहून एका आजीबाईंचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. ती पाळून पत्राचा गाभा तेवढा सांगतो. घरची भातशेती आहे. नात बारावी झाली. पोर हुशार आहे, कामाला मागे नाही, लावणीला सगळ्यांच्या आधी खाचरात उतरते. पण जरा फुरसत मिळाली की रंगाच्या बाटल्या काढून ओटीवर बसते आणि नखांवर फुले, मोर, वारलीची माणसे काढते. गणपतीच्या आदल्या दिवशी आळीतल्या बारा पोरी तिच्यापुढे हात पसरून बसल्या होत्या. मुलीचा बाप काही बोलत नाही. आजीबाईंना मात्र हे पटत नाही. आमच्या नखांत उभा जन्म चिखल राहिला, शेतकऱ्याच्या घरात हा शौक शोभतो का, असे त्या विचारतात. आणि शेवटी हळूच आणखी एक गोष्ट विचारतात, ती अशी की त्या रंगाने पोरीचे हात तर नासणार नाहीत ना?

प्रश्न एका घरचा नाही. नेरे म्हणजे गाढी नदीच्या काठचे, माथेरान आणि प्रबळगडाच्या डोंगरांकडे तोंड करून बसलेले भाताचे गाव. पण पनवेल शहर वाढत वाढत त्याच्या दाराशी आले आहे. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. अशा गावातल्या मुलीच्या एका हातात रोपांची मूठ आणि दुसऱ्या हातात रंगाची बाटली दिसली तर त्यात नवल नाही. आज हे नेऱ्यात आहे, उद्या तुमच्या गावात असेल. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे सर्वांसाठी देत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. शोभतो.

नखे रंगवणे हे शहरातून आलेले खूळ आहे असे आपण धरून चालतो. पण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या बोटांना मेंदी लावतात तेव्हा बोटांची टोके मेंदीने भरून काढतात, नखेही त्यात रंगतात. तळहातावरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत उडते. नखावरची महिनोन्‌महिने टिकते. नवी नवरी सासरी रुळेपर्यंत तिच्या नखांवर माहेरचा रंग असतो. तो रंग कोणाला कधी थेर वाटला नाही.

दुसरा रंग तर बांधावर फुकट उगवतो. श्रावण लागला की माळावर, बांधाच्या कडेला, डोंगराच्या उतारावर तेरडा फुलतो. कोकणात पुष्कळ घरी गौर आणतात ती याच तेरड्याची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. जे कौतुक टिकत नाही त्याला ही म्हण लावतात. पण नखावर मात्र तेरडा या म्हणीला खोटे पाडतो. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते, तेच तेरड्यातही असते. आपले नख आणि केस एकाच जातीच्या प्रथिनाचे बनलेले आहेत. हे द्रव्य त्या प्रथिनाला घट्ट धरून बसते. म्हणून मेंदी केसाला चढते, नखाला चढते आणि पाण्याने जात नाही. नख वाढेल तसा रंग पुढे सरकत जातो आणि शेवटी नख कापताना निघतो. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला त्याहून दुप्पट वेळ लागतो.

दूर कोरिया देशातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या याच तेरड्याने नखे रंगवत आल्या आहेत. उन्हाळ्यात रंगवलेल्या नखावर पहिला बर्फ पडेपर्यंत रंग राहिला तर मनातला नवरा मिळतो, असा तिकडे समज आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण भाद्रपदातला रंग दिवाळीला नखाच्या टोकाशी शिल्लक राहायला हरकत नाही.

करायचे ते असे. तेरड्याच्या मूठभर गडद पाकळ्या, पाच-सहा कोवळी पाने आणि हरभऱ्याएवढी तुरटी घेऊन पाट्यावर बारीक वाटावे. पाणी घालू नये. नखाच्या भोवतीच्या कातडीला खोबरेल तेल लावावे, म्हणजे कातडी कमी रंगते. मग नखावर वाटणाचा छोटा गोळा ठेवून वर केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळावा आणि दोऱ्याने सैल बांधावे. रात्रभर ठेवले की सकाळी नख नारिंगी दिसते. दुसऱ्या रात्री पुन्हा बांधले तर रंग आणखी लालसर होतो. बोटाला चीर किंवा जखम असेल तर त्या बोटाला लावू नये.

आता बाटलीतल्या रंगाकडे वळू. विदर्भ-खानदेशातल्या आमच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल की नखावर चकाकणारा तो थर म्हणजे एका अर्थी कापूसच आहे. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, नाहीतर लाकडाचा लगदा घेऊन त्यावर नत्राम्लाची प्रक्रिया करतात. त्यातून नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ तयार होतो. तो लवकर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवतात, त्यात राळ, मऊपणा आणणारे द्रव्य आणि रंगाची पूड मिसळतात. ब्रशने नखावर ओढले की द्रव हवेत उडतो आणि मागे पातळ, कडक पापुद्रा राहतो. बाटलीचे झाकण उघडे राहिले की रंग घट्ट का होतो, हे आता लक्षात येईल.

याच पदार्थाचा रंग १९२० नंतर अमेरिकेत मोटारींना देऊ लागले. नखाचा चकचकीत रंग हा त्याच मोटारीच्या रंगाचा धाकटा भाऊ. १९३२ साली तिथे रेव्हलॉन ही कंपनी निघाली ती नखांच्या रंगावरच. आपल्या देशात १९५२ साली टाटांच्या तेलाच्या कंपनीने लॅक्मे काढली. बायकांच्या परदेशी प्रसाधनांवर बाहेर जाणारा पैसा देशात राहावा हा त्यामागचा विचार होता असे सांगतात. लॅक्मे हे नाव एका फ्रेंच संगीतनाटकाचे, आणि त्या नाटकातले नाव मूळ आपल्या लक्ष्मीवरून आलेले. १९६१ पासून सिमोन टाटा यांनी ही कंपनी वाढवली. पुढे १९९० नंतरच्या दशकात ती हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. म्हणजे बाजारातली बाटली आपल्याकडे येऊन आता सत्तर वर्षे होऊन गेली.

पण कापसाच्या या भावंडाचा एक अवगुण ध्यानात ठेवलाच पाहिजे. ते भडकन पेटते. जुने सिनेमे याच पदार्थाच्या फितीवर छापले जात. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ तशाच फितीवर होता. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या फितींना आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट जळून गेले. आपल्या बाटलीत हा पदार्थ थोडा असतो, पण सोबतचा द्रवही ज्वालाग्राही असतो. रंग काढायला वापरतात ते ॲसिटोनही तसेच. म्हणून चुलीजवळ, समईजवळ, डास पळवणाऱ्या जळत्या कॉइलजवळ किंवा कोणी विडी ओढत असेल तिथे बाटली उघडायची नाही. रंगवून झाल्यावर नख पुरते सुकेपर्यंत विस्तवाशी जायचे नाही. ओटी किंवा अंगण ही जागा सर्वांत चांगली, कारण तिथे हवा खेळती असते. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने तर बंद खोलीत या वासात बसूच नये. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या हाती बाटली लागणार नाही अशा उंच फळीवर ती ठेवावी.

आता या छंदातली कला. रोज सकाळी सडा घालून उंबऱ्यापुढे रांगोळी काढणाऱ्या बाईला नखावरचे चित्र कोणी शिकवायला नको. अंगण तेवढे लहान झाले आहे. ठिपके आधी, रेषा मागून, हा नियम तोच. फरक एवढाच की चिमटीऐवजी काडी आणि ढोपरभर जागेऐवजी बोटभरसुद्धा नाही.

सुरुवातीला सहा छोट्या बाटल्या पुरतात. बिनरंगी, पांढरा, काळा, लाल, पिवळा आणि निळा. बाकीचे रंग पत्र्याच्या झाकणात थेंब-थेंब मिसळून करता येतात. पिवळ्यात निळा घातला की पोपटी होतो आणि लालात जरासा काळा घातला की गेरूचा रंग येतो. अवजारे घरचीच. टाचणीचे डोके बारीक ठिपक्याला, काड्यापेटीच्या काडीचे बोथट टोक मोठ्या ठिपक्याला. रेषेसाठी शाळेच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश आणून त्याचे चार केस ठेवून बाकीचे कापून टाकावेत.

आधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत. बिनरंगी रंगाचा पातळ हात द्यावा, म्हणजे गडद रंगाने नख पिवळे पडत नाही. मग तळाचा रंग दोनदा, तोही पातळ. जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. मग पहिल्याच घागरीला तो सोलून निघतो. दोन थरांमध्ये पाच-सात मिनिटे जाऊ द्यावीत. तळ सुकला की चित्र काढावे आणि शेवटी पुन्हा बिनरंगीचा एक हात द्यावा. शेवटचा थर देताना ब्रश नखाच्या टोकावरून थोडा खाली वळवावा, म्हणजे कड लवकर झिजत नाही. हात लावून सुके वाटले तरी रंग पुरा कडक व्हायला दोन तास लागतात. म्हणून रात्रीची भांडी आटोपल्यावर बसावे.

पहिले चित्र कोणते काढावे? पाच ठिपक्यांचे फूल. मध्ये एक पिवळा, भोवती पाच पांढरे. ते जमले की भाताची लोंबी काढावी, म्हणजे एक वाकडी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरपे बारीक ठिपके. त्यानंतर वारली माणूस. वारली चित्रे ही ठाणे-पालघरकडची. लग्नाच्या वेळी घराच्या गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ करायचे, तोच ब्रश. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. वारली माणसाची मेख सोपी आहे. एक त्रिकोण उलटा, एक सुलटा, दोघांची टोके कमरेशी जुळलेली, वर एक गोल ठिपका आणि चार काड्यांचे हातपाय. नखावर गेरूच्या रंगाचा तळ देऊन पांढऱ्याने असा माणूस काढला की तो नाचू लागतो. पाच बोटांवर पाच माणसे काढली की हात पसरताच तारपा नाच तयार होतो.

लहान जागेत चित्र बसवणे ही कोकणाची जुनी कारागिरी आहे. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेत हातात मावणारी १२० गोल पाने असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले असते. त्या चिताऱ्यांच्या कामाला आपण कला म्हणतो. आजीबाईंची नात जे करते ते त्या तोलाचे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण डोळा, श्वास आणि हात एका जागी आणून न थरथरता एक रेघ ओढणे, याचा अभ्यास दोन्हीकडे सारखाच आहे. बारा मुली रांगेत बसतात म्हणजे तो अभ्यास तिने मन लावून केला आहे.

या छंदातून पुढे चार पैसे मिळतील का, असेही काहींच्या मनात येईल. हळदी-लग्नाच्या दिवसांत मिळतात. पण आधी वर्षभर हौस म्हणून हात बसू द्यावा आणि बाटल्यांचा खर्च व मिळालेले पैसे एका वहीत लिहीत जावेत. खरोखरच धंदा करायचा असेल तर काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी करावी. तिथे रंगाइतकीच स्वच्छताही शिकवतात, आणि या कामात तीच महत्त्वाची आहे.

हाच आजीबाईंचा दुसरा प्रश्न. हात नासतील का? साध्या रंगाने नासत नाहीत. रंगाखाली नखाचा श्वास कोंडतो असे म्हणतात, ते खरे नाही. नख हवेतून श्वास घेत नाही. त्याचे पोषण खालच्या रक्तातून होते. मात्र नखे वारंवार ॲसिटोनने पुसली तर ती कोरडी पडतात, पापुद्रे सुटतात. म्हणून रंग काढल्यावर खोबरेल चोळावे आणि मधून मधून पंधरा दिवस नखे मोकळी ठेवावीत.

शेतकऱ्याच्या घरात हे मोकळे दिवस आपोआप ठरलेले आहेत. लावणीच्या महिन्यात हात दिवसभर पाण्यात असतात. तेव्हा हाताचा रंग टिकतही नाही आणि ठेवूही नये. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती दार लावल्यासारखी पाणी आणि घाण आत जाऊ देत नाही. शहरात काही ठिकाणी शोभेसाठी ती मागे ढकलून कापतात. तुम्ही कापू नका. लावणीच्या चिखलात त्याच फटीतून जंतू शिरतात आणि नखुर्डे होते. भाद्रपदात गौरी आणायच्या वेळी हौस करावी, आश्विनात नवरात्रात करावी. कापणी-झोडणीत पुन्हा सोडून द्यावी. पुढे माघापासून वैशाखापर्यंत लग्नसराई आहेच.

आणि नखे आखूडच हवीत. लांब नखाखाली शेण, माती, जंतांची अंडी आणि फवारणीचे औषध राहते, आणि त्याच हाताने आपण तांदळाची भाकरी थापतो. रंगाचा टवका उडालेला दिसला तर पीठ मळण्याआधी तो रंग पुसून टाकावा. आखूड नखावर चित्र बसत नाही ही समजूत आहे. हात बसलेल्या मुलीला तांदळाएवढी जागा पुरते.

नकली नखे डिंकाने चिकटवण्याचा आणि जेलचा रंग निळ्या-जांभळ्या दिव्याखाली सुकवण्याचा प्रकार आता आपल्या बाजारातही आला आहे. घरी तो करू नये. नकली नखाखाली ओल अडकून राहते आणि तिथे जंतू वाढतात. दिव्याखाली पुरता न सुकलेला जेल कातडीला लागत राहिला तर खाज, पुरळ उठते आणि ती ॲलर्जी जन्मभर राहू शकते. अशा जेलमध्ये वापरले जाणारे टीपीओ नावाचे एक द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केले आहे. जत्रेत मिळणारी झटपट काळी मेंदीही टाळावी. तिच्यात केस काळे करण्याचे रसायन मिसळलेले असते, त्याने कातडीला फोड येतात. खरी मेंदी कधी काळी नसते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे सगळे लिहिले तिच्याकडे येतो. ‘हात दाखवून अवलक्षण’ अशी म्हण आहे. या छंदात मात्र हात दाखवला की लक्षण कळते. नख रंगवायचे तर आधी कोणाचा तरी हात हातात घेऊन उजेडात नीट पाहावा लागतो. आपल्या घरात बायकांचे हात असे किती वेळा पाहिले जातात? सारखे कामात असलेले हात कोणाला दिसत नाहीत, ज्याचे त्याला तर मुळीच नाहीत. म्हणून रंग लावण्याआधी उघडी नखे निरखून पाहण्याची सवय प्रत्येक मुलीने लावून घ्यावी.

नख फिकट, पांढरट दिसते, जीभ आणि डोळ्याची खालची पापणीही आतून फिकट आहे, थोड्या कामाने धाप लागते. तर रक्त कमी आहे. नख चमच्यासारखे खोलगट झाले असेल तर लोह फार दिवसांपासून कमी पडत असण्याचा संभव आहे. सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासतात आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. नख जाड, पिवळे आणि भुसभुशीत झाले असेल तर ती बहुधा बुरशी असते. तिच्यावर रंग चढवून ती झाकू नये, औषध घ्यावे. अशा नखाला लावलेला ब्रश दुसरीच्या बाटलीत बुडवू नये, नाहीतर एकीची बुरशी बारा जणींना जायची. नखाच्या कडेला सूज आणि ठणका असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात बोट बुडवून शेकावे. पू दिसला किंवा घरात मधुमेह असेल तर थांबू नये, डॉक्टर गाठावा. नखात मार न लागता काळी उभी रेघ नव्याने उमटली आणि रुंद होत चालली तर तेही डॉक्टरला दाखवावे.

नेऱ्याला तर हात पाहण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन तिथेच आहे, आणि ज्यांना समाजाने दूर लोटले अशा कितीतरी रुग्णांना तिथे आसरा आणि काम मिळाले. या रोगाने बोटे गळून पडतात असा समज आहे. खरी गोष्ट अशी की रोग नसांवर बसतो आणि हाताची जाणीव जाते. मग गरम तवा लागला, काटा रुतला, तरी कळत नाही. अशा न कळलेल्या जखमा चिघळून बोटे झिजतात. म्हणून जाणीव गेलेल्या माणसाला रोज हात डोळ्यांनी पाहायला, पाण्यात भिजवायला आणि तेल लावायला शिकवतात. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागले असेल, तर आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते आणि रोग पुरा बरा होतो. लवकर गेले तर हात जसाच्या तसा राहतो. आळीतल्या बारा जणींचे हात हातात घेणाऱ्या मुलीला हे ठाऊक असेल तर एखाद दिवशी ती कोणाचा तरी हात वाचवील.

दवाखान्याची आणखी एक गोष्ट. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर माणसे आली आणि बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजून गेली, ते आठवत असेल. त्या चिमट्यातला उजेड नखातून आरपार जातो. नखावर गडद रंग असेल तर आकडा चुकू शकतो. म्हणून बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला जाताना दोन्ही हातांचा रंग घरूनच पुसून जावे.

तेव्हा आजीबाई, बाटल्या फेकायला सांगू नका. आखूड नखे, विस्तवापासून दूर आणि आधी नख निरखणे, या तीन अटी नातीला घाला. आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तुमचेच हात तिच्यापुढे धरा. उभा जन्म त्या नखांत चिखल राहिला म्हणता, मग ते आता कोणीतरी नीट पाहायला हवेत. रंग नको असेल तर तेल लावून घ्या. फिकट दिसले तर दुसऱ्या दिवशी तिलाच सोबत घेऊन गावातल्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून या.